भिंत वाळेपर्यंत

"किती आलं?" लेकीने विचारलं.

मी ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया लाकडात आणखी जरा दाबल्या. काटा हलला, पुढे सरकला, थांबला.

"चोवीस."

"म्हणजे?"

"म्हणजे ओलं. अठराच्या खाली आल्याशिवाय झाकता येत नाही."

"आणि तोवर आम्ही दोघींनी इथे कुडकुडायचं."

तिच्या खांद्यावर माझी नात होती, साडेतीन महिन्यांची, एकावर एक दोन टोपडी घातलेली. नेमकी तेव्हाच ती शिंकली. आजीची बाजू घ्यायचं तिचं वय नव्हतं अजून. लेकीने तिचं नाक पुसलं. मी कानामागची पेन्सिल काढली आणि त्याच उभ्या दांड्यावर, जुन्या आकड्यांच्या खाली, तारीख घालून चोवीस लिहिलं. खोटं काही लिहिलं नव्हतं. चोवीस म्हणजे चोवीस.

ती खोली घराच्या मागच्या अंगाला आहे, जिथे ऊन येत नाही. तीन भिंती पूर्ण, रंगवलेल्या. चौथी, बाहेरच्या बाजूची, तेव्हा उघडी. उघडी म्हणजे बाहेरून फळ्या आहेत, वारा-पाऊस आत येत नाही. पण आतून बघितलं तर नुसते लाकडाचे उभे दांडे आणि दोन दांड्यांच्या मधे भरलेली पिवळी ग्लासवूल, काचतंतूंची ऊब धरणारी लोकर. वर प्लॅस्टिकची शीट नाही, बोर्ड नाही. नऊ हिवाळे ती अशीच होती. शेजारणी आधी विचारायच्या, काम कधी पुरं होणार. मग विचारेनाशा झाल्या. त्यांच्या लेखी ती बिचारीची भिंत झाली, आणि बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून मी त्या खोलीचं दार लावून घ्यायला लागले.

आता दार लावून भागणार नव्हतं. जावयाला कंपनीने दोन वर्षांसाठी लांबच्या कामावर पाठवलं, तिथे बायको-पोर नेता येत नव्हतं. लेक फोनवर म्हणाली, "आई, मी तुझ्याकडे येते." मी म्हटलं, "ये की, विचारतेस काय." फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की घरात झोपायच्या खोल्या दोनच, आणि दुसरी ही.

आमच्या मुलखात हिवाळा कडक, आणि माझा धंदाच घरं उबदार करायचा आहे. साइटवर मला टेपवाली म्हणतात. नावं याहून वाईट ठेवलेली ऐकली आहेत, त्यामुळे माझी तक्रार नाही. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. साइटवर सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. घरी आल्यावर पुन्हा वेगळी हाक कोण मारणार. तो ग्लासवूल कापून भरायचा, मग आम्ही दोघं शीट लावायचो. शीटला दोन माणसं लागतातच. एकाने ताणून धरायची, दुसऱ्याने जोडावर टेप मारायची. तो धरायचा, मी मारायची. बोलावं लागायचं नाही. माझा हात कोपऱ्याशी पोचायच्या आत त्याचा अंगठा पुढच्या घडीवर तयार असायचा. बावीस वर्षं आम्ही असं काम केलं. भांडलोही पोटभर. पण ज्या दिवशी सकाळी भांडण झालं असेल त्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत अख्खी खोली बंद करून टाकायचो.

शीट कशाला लावतात ते सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस घरात नुसता राहिला तरी पाणी करतो. श्वास सोडतो, चहा उकळतो, अंघोळ करतो, ओले कपडे आत वाळत घालतो. ती सगळी वाफ घरातल्या उबदार हवेत असते, डोळ्यांना दिसत नाही. थंडीच्या दिवसांत ती हवा भिंतीत शिरते, ग्लासवूलमधून आरपार जाते, आणि बाहेरच्या गारठलेल्या फळीला टेकली की तिचं पाणी होतं. गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून घामेजतो, तसंच. पेला निदान पुसता तरी येतो. भिंतीच्या पोटातलं पाणी कोणाला दिसत नाही, ते लाकडात मुरत राहतं आणि काही हिवाळ्यांनी ते लाकूड बोटाने उकरता येतं. म्हणून शीट. उबेच्या बाजूला, सलग, टाचणीएवढंही भोक न ठेवता. लोक म्हणतात, टेप मारायला काय अक्कल लागते. लागते.

दुसरा नियम मिस्त्रीचा. ओलं लाकूड झाकायचं नाही. आधी वाळू द्यायचं, मग शीट लावायची, नाहीतर पाणी आत कोंडून बसतं आणि शीटच लाकडाचा घात करते. ठेकेदार कटकट करायचे, घरमालक नाकं मुरडायचे, मिस्त्री आपला मांडी घालून बसून राहायचा. "तुमची घाई मला नका सांगू," म्हणायचा, "लाकडाला जाऊन सांगा."

ही मागची खोली आम्ही आमच्याच घराला जोडून बांधायला घेतली तेव्हा लेक कॉलेजात होती. लाकूड नवं होतं, नुकतं कापलेलं. मीटर लावला तर एकतीस. मिस्त्रीने आकडा दांड्यावर लिहिला आणि म्हणाला, राहू दे वाळायला. त्याच महिन्यात त्याला परदेशातलं काम मिळालं. मोठमोठी शीतगृहं बांधायची होती, आठ महिन्यांचं काम. निघताना दारात बसून बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला, "मी येईपर्यंत वाळेल ती. मी आल्याशिवाय झाकू नकोस."

मी म्हटलं, "मी कशाला झाकतेय. तू धरल्याशिवाय शीट काय हवेत उभी राहणार आहे?"

हे आमचं शेवटचं समोरासमोरचं बोलणं. आधी माहीत असतं तर काहीतरी बरं बोलले असते.

आठ महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग नंबरच लागेना. कंपनी म्हणाली, तुमचा माणूस काम सोडून गेला. कुठे गेला, त्यांना ठाऊक नाही. त्याच्याबरोबरचा एक जण म्हणाला, बंदराच्या गावात दिसला होता. दुसरा म्हणाला, छे, तो कोणी वेगळाच. मी अर्ज केले, खेटे घातले, शेवटी वकील धरला. सात वर्षं उलटल्यावर वकील म्हणाला, "आता कायद्याने त्यांना मयत जाहीर करून घेता येईल." मी म्हटलं, "आधी तुम्हाला करून घेते." त्यानंतर त्यांनी फोन केला नाही.

लेक येऊन चार-पाच दिवस झाले असतील. त्या आठवड्यात आम्हाला एका मास्तरांच्या घरून बोलावणं आलं. दोन वर्षांपूर्वी तिथे आम्हीच काम केलं होतं, आणि आता मास्तरीणबाईंची तक्रार होती की भिंतीच्या कोपऱ्यात काळे डाग पडलेत. माझ्याबरोबर मुकादम होता. मुकादम म्हणजे मिस्त्रीचा जुना दोस्त आणि आता माझा साहेब. पंधरा माणसं सांभाळतो, जीभ मात्र सांभाळता येत नाही.

मी घरभर फिरले. न्हाणीघराच्या भिंतीत वर हवा जायला जाळी ठेवलेली असते, तिच्यात जुन्या चादरीचे बोळे कोंबलेले. स्वयंपाकघरातली जाळीही तशीच. आणि मधल्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी, दोरीवर ओल्या कपड्यांची रांग.

"बाई, हे बोळे कोणी कोंबले?"

"मीच. गार वारा यायचा तिथून."

"घरात माणसं किती?"

"पाच. सासूबाई धरून."

"सासूबाईंनाही श्वास लागतोच, धरा त्यांना. पाच माणसांची वाफ आणि वर हे कपडे. ती जाणार कुठे? तुम्ही तिला बाहेरची वाट ठेवली नाहीत, म्हणून ती कोपरा धरून बसली. आणि वर म्हणता टेपवालीने काम बिघडवलं."

मास्तर मागे उभे राहून मान डोलावत होते. बायकोला कोणी परस्पर बोललं की नवरे किती शहाणे दिसतात. बाईंनी मुकाट्याने बोळे काढले, आम्ही डाग पुसून दिले आणि निघालो.

गाडीत सामान टाकताना मुकादम म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुझा तर पाषाणही कोरडा नाही."

"सरळ बोल."

"लेक आलीय तुझी. लहान पोर आहे घरात. दोन माणसं देतो, एका दिवसात ती भिंत बंद करून टाकू."

"ओली आहे. परवाच मोजली. चोवीस."

तो काहीतरी बोलणार होता. मग हातमोजे झटकले. "चोवीसला मिस्त्रीने झाकली नसती, एवढं खरं," म्हणाला.

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की वाटेत उतरून मी नातीसाठी खुळखुळा घेतला.

घरी आले तर लेक मागच्या खोलीत, पोरीला मांडीवर घेऊन दांड्यासमोर जमिनीवर बसलेली. मी दारातूनच खुळखुळा वाजवला. नातीने डोळे फिरवले. लेकीने मान वळवली नाही.

"आई, हे आकडे तू लिहिलेस?"

"मग काय उंदरांनी लिहिले?"

"वरचा एकतीस बाबांच्या अक्षरातला आहे. ऑगस्टचा. त्याखालचे सगळे तुझे. तेवीस, पंचवीस, चोवीस, सव्वीस. नऊच्या नऊ फेब्रुवारीतले आहेत."

"असतील."

"उन्हाळ्यात का नाही मोजत?"

"उन्हाळ्यात कामं असतात."

"सुया टोचायला किती वेळ लागतो? परवा मिनिटभरही लागलं नाही."

"तुला यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. म्हणूनच विचारतेय. दर वर्षी फेब्रुवारीच का?"

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी त्या क्षणापर्यंत स्वतःलाही दिलेलं नव्हतं. शीट नसलेली कुठलीही भिंत फेब्रुवारीत ओलीच असते. अख्ख्या हिवाळ्याची वाफ तोवर तिच्या पोटात जिरलेली असते. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे पावसाळा नव्हे, भर उन्हाळा; तेव्हा तीच भिंत ठणठणीत कोरडी होते, आणि हिवाळा आला की पुन्हा भिजते. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी स्वतः नव्या माणसांना हे शिकवते. आणि तरी दर फेब्रुवारीत माझा हात आपोआप मीटरकडे जायचा, काटा वर चढायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. अजून ओली आहे. भिंत वाळेल तोवर तो येणार होता. मग ती वाळलीच नसेल तर त्याला उशीर झाला असं कसं म्हणायचं?

लेकीला यातलं मी काही सांगितलं नाही. पण ती माझीच लेक.

"आणि ते पाणी येतं कुठून?" तिने विचारलं. "पाऊस तर आत येत नाही म्हणालीस."

मी गुडघ्यांवर बसले आणि खालच्या कोपऱ्यातली ग्लासवूल ओढली. ओढली नाही तोच हात ओला झाला. मागची फळी काळी पडलेली. सगळ्यात खाली जमिनीलगत जी आडवी तुळई असते, जिच्यावर सगळे दांडे उभे असतात, तिला मी पेचकस लावला. जोर न करता तो निम्मा आत गेला.

मी वर बघितलं. खोलीत आडवी दोरी होती. दोरीवर मिस्त्रीचे चार शर्ट वाळत होते. कपाटात राहून राहून कपड्यांना वास येतो, म्हणून मी ते दर महिन्याला धुवायची. माणूस इतक्या लांबून यायचा आणि घालायला स्वच्छ शर्ट नाही, हे मला चाललं नसतं. शेजारणींना दिसू नयेत म्हणून वाळत घालायची इथेच. कामावरून आले की चहाचा कप घेऊन तासभर बसायचीही इथेच, स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. दिवसभरात काय झालं ते सांगायची. कोणाला, ते विचारू नका. मास्तरीणबाईंच्या घरी पाच माणसं होती. इथे मी एकटीने नऊ हिवाळे आपल्या श्वासाने भिंत ओली ठेवली होती.

लेक ओरडली असती तर मी सवाई ओरडले असते, त्याची मला सवय आहे. ती ओरडली नाही.

"मीही वाट बघितली, आई," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी मी फोटोत सगळीकडे दाराकडे बघतेय. सासूबाई अजून विचारतात, कोण यायचं राहिलं होतं म्हणून."

मी पेचकस पुसत बसले.

"आणखी एक हिवाळा गेला तर काय होईल?"

"तुळई जाईल."

"आणि मग?"

"मग दांडे खाली बसतील. भिंत गेली की छत जाईल. ही खोली राहणार नाही."

"आणि हिने झोपायचं कुठे?"

नात खुळखुळ्याचं टोक चोखत होती. तिचं नाक लालभडक झालं होतं. मला फार लाज वाटली. मिस्त्रीने ही खोली बांधली ती लेकी-नातवंडांसाठीच. तो तेव्हा म्हणालाही होता, लग्न झालं म्हणून काय पोरगी यायची थांबणार आहे का.

"ऑगस्टमध्ये मोजू," मी म्हटलं. एवढे दोन शब्द बोलले आणि वाटलं, मी कोणाला तरी घराबाहेर काढतेय.

आम्ही तिघी माझ्या खोलीत झोपायला लागलो. नात मधे, आडवी. इवलंसं पोर, पण दोन बायकांना भिंतीला चिकटवायची तिची ताकद. शर्ट मी बाहेर अंगणातल्या दोरीवर घालायला लागले, शेजारणींना काय बघायचं ते बघू दे. स्टूल स्वयंपाकघरात आणलं. संध्याकाळी तिथेच बसून दिवसभराचं सगळं लेकीला सांगू लागले. ती ऐकायची, मधेच प्रश्न विचारायची. प्रश्नांची मला सवय राहिली नव्हती, पहिल्यांदा रागच यायचा.

मार्च गेला, एप्रिल गेला. ऊन चढलं. दारावर थाप पडली की अजूनही मी हातातलं काम टाकून धावायची, आणि दारात मुकादम नाहीतर गॅसवाला. इतक्या वर्षांत जे झालं नाही ते या पाच-सहा महिन्यांत होईल असं समजण्याइतकी मी खुळी नाही. पण खुळी नसलं तरी वाटायचं थांबत नाही. या वेळी मुदत होती ना. मुदत असली की माणसं येतात, असा माझा काहीतरी हिशेब होता.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी लेकीने मीटर माझ्या हातात आणून दिला. मी सुया टोचल्या. बारा. दुसरीकडे टोचल्या. बारा. खिडकीखाली अकरा. मी मीटरचे सेल बदलले. पुन्हा बारा.

"लिही," लेक म्हणाली.

मी लिहिलं.

खालची तुळई बदलायला मुकादम स्वतः आला. दिवसभर पोटावर झोपून काम केलं, कुजका तुकडा कापून काढला, नवं वाळकं लाकूड बसवलं, आणि त्या पूर्ण दिवसात एकही विनोद केला नाही. इतकं गंभीर त्याला मी कधी बघितलं नव्हतं, मलाच काळजी वाटली. जाताना म्हणाला, "शीटला उद्या माणूस पाठवतो."

"नको. लेक आहे."

"तिला धरता येईल?"

"न यायला काय झालं. मिस्त्रीची आहे."

धरता येत नव्हतं. शीट म्हणजे काही चादर नव्हे, तिला सगळीकडून सारखा ताण लागतो. लेकीचा एक हात वर गेला की दुसरा ढिला पडायचा.

"वर. वर म्हणजे वर. छताकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस."

"बाबांवर पण अशीच ओरडायचीस?"

"त्याच्यावर ओरडावं लागायचं नाही."

तिने छताकडे बघितलं. मी चार हात टेप मारली. मग मला राहवलं नाही. "ओरडायची," मी म्हटलं, "पण तो ऐकायचा नाही." तेव्हा ती हसली, मीही हसले, आणि त्या हसण्यात शीट सुटली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

तिचा हात उशिरा पोचायचा. प्रत्येक कोपऱ्यावर मला थांबावं लागत होतं, आणि थांबलं की आठवायला वेळ मिळत होता. बावीस वर्षांत मी मिस्त्रीसाठी कधी थांबले नव्हते, इतका तो वेळेवर असायचा. तोच माणूस आठ महिन्यांत येतो म्हणून गेला आणि आलाच नाही, हे कोड्यात टाकणारं आहे. मेला असेल असं मनाला पटत नाही. जिवंत असून आला नाही हे त्याहून पटत नाही. दोन्हींच्या मधे मी उभी आहे, आणि तिथे उभं राहून फार दमायला होतं.

शीट अर्धपारदर्शक असते. आकडे लिहिलेला दांडा तिच्या मागे गेला तेव्हा सगळ्यात वरचा एकतीस धुक्यातून दिसावा तसा दिसत होता. लेकीने विचारलं, "फोटो काढून ठेवू का?" मी नको म्हटलं. फोटो काढला असता तर मी रोज बघितला असता.

शेवटचा उभा जोड राहिला. त्यातही हातभर. मी टेप फाडली, चिकटवायला हात उचलला आणि हात तिथेच थांबला. लेक दोन्ही हात वर करून शीट ताणून उभी होती. आता तिला छान जमत होतं.

"आई," ती म्हणाली, "बाबा आले तर?"

मला वाटतं फेब्रुवारीपासून तिने तो प्रश्न दाताखाली धरून ठेवला होता.

"आला तर दारातून येईल," मी म्हटलं. "भिंतीतून कोणी येत नसतं."

बोलायला बोलले आणि डोळे जे भरले ते भरलेच. एका हातात टेप, दुसऱ्याने जोड दाबलेला, पुसायचं कशाने. लेकीकडे बघितलं तर तिचंही तेच. तिचे हात वर अडकलेले आणि हनुवटीवरून पाणी ओघळतंय. पण तिने शीट सोडली नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, भिंतीला हात लावून, रडत. शेवटी बाजूच्या खोलीत नात जागी होऊन रडायला लागली. तिघी एकदम रडायला लागल्यावर कोणीतरी काम पुरं करायला हवं होतं. मी टेप लावली आणि अंगठ्याने वरपासून खालपर्यंत दाबत आणली.

मग खोलीची खिडकी बंद केली आणि लेकीला म्हटलं, बाहेर जा आणि दार जोरात ओढून घे. तिने ओढलं. पूर्ण शीट एकदम फुगून खोलीच्या बाजूला आली, क्षणभर थांबली आणि सावकाश मागे जाऊन बसली. भोक राहिलं असेल तर फुर्र असा आवाज येतो. मी कान लावून ऐकलं. काही आवाज आला नाही. काम चोख झालं होतं.

दुपारी बोर्ड लावले. लेक बोर्ड टेकवून धरायची, मी स्क्रू मारायची. नात दारात पाळण्यात पडून मशीनच्या घर्रघर्रीला हुंकार देत होती. पाच वाजेपर्यंत खोलीला चौथी भिंत झाली. उंबऱ्यात उभं राहून बघितलं तर खोली आधीपेक्षा लहान वाटत होती. लेक म्हणाली, पाळणा इथे ठेवू, कपाट तिथे. मी हो म्हटलं.

शेवटच्या बोर्डाचा एक स्क्रू तिरका गेला होता. लेक म्हणाली, "काढून परत मार की." मी म्हटलं, राहू दे. मिस्त्रीला असलं काही दिसलं की तो कमरेवर हात ठेवून एकच वाक्य बोलायचा, "घाई केलीस." नऊ हिवाळे थांबले मी. तरी तो हेच म्हणेल. म्हणू दे. येऊन म्हणू दे.